बुचाचं कूळ

परक्या भाषेतून आलेल्या शब्दाला लगोलग मराठी पर्याय घडवावा आणि परका शब्द दाराबाहेर ठेवावा, हे मत मी उभी हयात बाळगलं. वर्गात शिकवलं, सभांमध्ये मांडलं, त्यापायी मित्रांशी वादही घातले. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते एका दिवसात गेलं नाही, पण ज्या शब्दांमुळे गेलं ते दोनच होते आणि दोन्ही दारूच्या बाटलीशी जोडलेले होते. ज्यांना मी ते मत शिकवलं त्यांतले काही जण आज स्वतः मराठीचे शिक्षक आहेत. बदल झाला आहे तर तो त्यांना माझ्याकडूनच कळावा, म्हणून हे लिहितो आहे.

माझा तालुका जोयडा. जुन्या कागदांत तो सुपा तालुका म्हणून सापडतो. ते सुपा गाव आता काळी नदीच्या पाण्याखाली आहे. गणेशगुडीला धरण बांधलं गेलं, १९८७ साली ते पुरं झालं, आणि बुडणाऱ्या गावातली घरं उठून रामनगरला आली. आमचंही त्यांतलंच एक. काळी उगम पावते ती याच तालुक्यात, डिग्गीच्या बाजूला. पश्चिमेला घाट उतरला की गोवा, उत्तरेला खानापूर. घरात कोकणी वळणाची बोली, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड. एकाच माणसाच्या तोंडी दिवसभरात तीन भाषा येतात आणि त्याला ते जाणवतही नाही. आमचा उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. मुंबईशी नातं होतं तोवर मराठीला इथे शाळेचा आणि कागदाचा आधार होता. पुढे तो कमी होत गेला.

म्हणून सीमेवरचा मराठी माणूस भाषेच्या बाबतीत हळवा असतो. पुण्यातला माणूस एखादा इंग्रजी शब्द सहज वापरतो, त्याला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. आमच्याकडे मराठी वर्गातली पटसंख्या घटताना डोळ्यांदेखत पाहिलेली असते. तिथे एकेक शब्द राखावासा वाटतो. मी भाषाशुद्धीकडे वळलो तो या भीतीपोटी. ती भीती खोटी नव्हती, आजही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

या विचाराला मोठी परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान होता. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारातल्या हजारावर फारसी-दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिलेले आहेत. विसाव्या शतकात सावरकरांनी रत्नागिरीहून भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. दिनांक, क्रमांक, महापौर, दिग्दर्शक हे शब्द आज आपण त्यांचे म्हणून आठवतही नाही, इतके ते रुळले. माधव जूलियनांची गोष्ट तर मी दरवर्षी वर्गात सांगायचो. ज्या कवीने फारसीचं अध्यापन केलं, १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, ज्याच्या सुरुवातीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती, तोच पुढे भाषाशुद्धीचा कैवारी झाला आणि त्याने 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं. एवढ्या मोठ्या माणसाचं मत बदलू शकतं, असं मी मुलांना सांगायचो. ते उलट्या दिशेनेही बदलू शकतं, हे तेव्हा माझ्या मनाला शिवलं नव्हतं.

दारूबद्दलचं माझं मतही इथे सांगायला हवं, कारण ते या गोष्टीत गुंतलेलं आहे. आमचा जिल्हा मुंबई राज्यात असताना १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू होता. घाटाखाली मात्र पोर्तुगीज अंमल, तिथे दारू उघड. वडिलांच्या पिढीने गोव्याच्या सीमेवरच्या कॅसल रॉकच्या नाक्यावर झडत्या होताना पाहिल्या होत्या. आमच्या घरात 'बाटली' हा शब्दच वाईट होता. 'तो बाटलीला लागला' एवढं म्हटलं की त्या माणसाचं नाव पुन्हा निघत नसे. मी स्वतः कधी दारूला शिवलो नाही. त्यामुळे मद्याच्या जगातला शब्द म्हणजे परका आणि शिवाय ओंगळ, असा दुहेरी राग माझ्या मनात होता.

माझा भाचा हॉटेल मॅनेजमेंट शिकून गोव्यातल्या एका हॉटेलात नोकरीला लागला. चवथीला घरी आला तेव्हा त्याने विचारलं, "मामा, साब्राजला मराठीत काय म्हणायचं? महाराष्ट्रातले पाहुणे येतात, लग्नाचे वाढदिवस करतात. त्यांच्यासमोर मी ते करून दाखवतो. आधी दोन वाक्यं मराठीत सांगावी लागतात."

साब्राज म्हणजे शॅम्पेनची बाटली तलवारीने उघडणं. शब्द फ्रेंच आहे. 'साब्र' म्हणजे घोडेस्वाराची बाकदार तलवार, तिच्यावरून 'साब्रे' म्हणजे तलवार चालवणं, आणि पुढे 'आज' हा क्रिया दाखवणारा प्रत्यय. नेपोलियनचे हुसार स्वार घोड्यावर बसल्या बसल्या बाटलीचं तोंड तलवारीने उडवत आणि विजय साजरा करत, अशी कथा सांगतात. १९८६ साली फ्रान्समध्ये या प्रकाराचा अभिमान बाळगणारं एक मंडळच निघालं. तेव्हापासून मोठ्या हॉटेलांत ही रीत जगभर पसरली.

भाच्याने रिकाम्या बाटलीवर मला ते समजावून दिलं. शॅम्पेनच्या बाटलीत हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेपेक्षा दुपटीहून जास्त. म्हणून तिची काच जाड असते, बूच तारेच्या जाळीने बांधलेलं असतं. ही तारेची बांधणी जाकसों नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने १८४४ साली काढली. बाटली साच्यात घडवलेली असल्याने तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक सांधे दिसतात. मानेच्या टोकाला काचेचं जाड कडं असतं. सांधा जिथे त्या कड्याला भिडतो ती जागा सगळ्यांत कमकुवत. बाटली चांगली गार करायची, जाळी सैल करायची, बाटली माणसांपासून दूर तिरकी धरायची आणि तलवारीची बोथट पाठ सांध्यावरून सरळ सरकवत नेऊन कड्यावर आदळायची. धार लागतच नाही. तलवार काच कापत नाही. ठोक्याने तडा जातो आणि बाकीचं काम आतला दाब करतो. काचेचं कडं बुचासकट उडून जातं. पडलेला तुकडा उचलून पाहिला तर बूच त्या कड्यात जसंच्या तसं घट्ट बसलेलं असतं.

ही शेवटची गोष्ट माझ्या मनात राहिली. इतर कुठलीही बाटली उघडताना बूच काढतात. इथे बूच निघतच नाही, ते बसलेलंच राहतं आणि बाटलीचं तोंड जातं. म्हणजे 'बूच काढणं' या शब्दांनी भागणार नव्हतं. क्रिया खरोखर वेगळी होती, तिला वेगळा शब्द हवाच होता. मी वही घेऊन बसलो. खड्गोद्घाटन. असिभेदन. कूपीकंठच्छेद. फेनमद्योन्मोचन. आज वाचताना दिसतं की यातला एकही शब्द भाच्याच्या तोंडात बसणारा नव्हता. तेव्हा मला ते दिसत नव्हतं. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने आदराने घेतला, घडी घालून खिशात ठेवला.

त्याच संध्याकाळी ओसरीवर शेजारचे काका येऊन बसले. कॅसल रॉकला रेल्वेत गँगमन म्हणून त्यांचा जन्म गेला, शाळा चौथीपर्यंत. भाच्याने त्यांनाही तेच सांगितलं, हाताने वार करून दाखवला. काका ऐकून म्हणाले, "म्हंजे बाटलीची मुंडीच उडवली की." त्यांनी नवा शब्द बनवला नाही, बनवतोय असं त्यांच्या मनातही नव्हतं. मराठीत जे क्रियापद तलवारीशी शतकानुशतकं जोडलेलं आहे ते त्यांनी उचललं आणि बाटलीला लावलं. सांगितलेली सगळी क्रिया त्यात आली: तलवार आली, ठोका आला, बूच निघत नाही तर मुंडीच जाते हेही आलं. भाचा ताडकन म्हणाला, "बस, हेच." पुढे पाहुण्यांसमोर तो हेच बोलू लागला: "याला साब्राज म्हणतात. म्हणजे तलवारीने बाटलीची मुंडी उडवायची." लोक हसतात, समजतात, टाळ्या वाजवतात.

मला वाईट वाटलं. पण माझे शब्द डावलले गेले याचं नव्हे. पस्तीस-चाळीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या हाताशी 'मुंडी उडवणं' का आलं नाही, या प्रश्नाने मला झोप लागेना. उत्तर मिळायला वेळ लागला. मला मराठीतून शब्द शोधायचा नव्हता, परका शब्द घालवायचा होता. ही दोन कामं मी एकच समजत होतो.

दुसरा धक्का 'बूच' या शब्दाने दिला. साब्राज परका, बूच आपलं, असं मी धरून चाललो होतो. बूच हा इतका ठसठशीत, इतका घरगुती शब्द. लहानपणी औषधाच्या बाटलीचं बूच हरवलं म्हणून मार खाल्लेला. गडबड करणाऱ्या पोराला 'तोंडाला बूच लाव' म्हणून गप्प केलेलं. रामनगरच्या बाजारात कन्नड दुकानदार त्याच वस्तूला 'बिरडे' म्हणतो, तेव्हा आपलं बूच ते मराठी, अशी मनात खूणगाठ बांधलेली. मग पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दालगादोंचं पुस्तक हाती आलं.

मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो हे बार्देशातल्या आसगावचे. जन्म १८५५, मृत्यू १९२२. धर्मगुरू, कोकणीचे कोशकार, पुढे लिस्बनला संस्कृतचे प्राध्यापक. पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कुठे कुठे पोचले याचा त्यांनी सिद्ध केलेला कोश १९१३ साली निघाला. त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून प्रसिद्ध झालं. त्यात 'बुशा' या पोर्तुगीज शब्दाखाली कोकणी, मराठी आणि गुजराती 'बूच' मांडलेलं आहे. पान उलटत गेलो तशी माझ्या घरातली एकेक वस्तू पुस्तकातून बाहेर येऊ लागली. चावी, बिजागरी, घमेलं, परात, काज, फीत, बादली, साबण, पगार, लिलाव, तुरुंग, काडतूस, पिस्तूल. सकाळी उठून दार उघडल्यापासून रात्री दाराला चावी लावेपर्यंत हे शब्द मी बोलत होतो, आणि वर्गात परक्या शब्दांविरुद्ध बोलतानाही यांतले काही माझ्या तोंडी असणारच.

त्या यादीत 'पिंप' भेटलं तेव्हा मात्र मी पुस्तक मिटून बाहेर येऊन बसलो. आमच्याकडे पिंप म्हणजे पाण्याचं. रस्त्याच्या कामावरचं डांबराचं रिकामं पिंप घासूनपुसून आणायचं आणि परसात न्हाणीजवळ ठेवायचं. सुप्याहून उठताना सामानात तेही आलेलं. हे पिंप म्हणजे पोर्तुगीज 'पिपा', दारू साठवायचं आणि वाहायचं लाकडी पीप, साधारण पाचशे लिटरचं. ज्या घरात बाटलीचं नाव काढायची बंदी होती, त्या घरातलं पाणी वाइनच्या पिपाचं नाव घेऊन उभं होतं. आणि त्यात काहीही वाईट नव्हतं. आईने त्यातलं पाणी उपसून आम्हाला आंघोळी घातल्या.

पिंप आणि बूच जवळजवळ ठेवले तेव्हा एक गोष्ट उलगडली, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. पोर्तुगीज भाषेत बाटलीच्या बुचाला 'बुशा' म्हणत नाहीत. त्याला 'रोल्या' म्हणतात. बूच ज्याचं करतात त्या सालीला 'कोर्तिसा' म्हणतात. 'बुशा' म्हणजे भोक बुजवायला कोंबलेला बोळा: पिपाच्या पोटावरच्या भोकातला, किंवा तोफेच्या नळीत दारू ठासल्यावर वरून दाबायचा. मराठीने रोल्या उचललं नाही, कोर्तिसा उचललं नाही, बुशा उचललं. का? अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० साली. वाइन बाटलीत भरून, घट्ट बूच मारून ठेवायची रीत युरोपात रुळली ती सतराव्या शतकात, इंग्लंडमध्ये जाड, मजबूत काचेच्या बाटल्या होऊ लागल्यावर. बूच काढायच्या स्क्रूचा पहिला लेखी उल्लेख १६८१ चा आणि पहिलं पेटंट १७९५ चं. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज दारू शंभर-सव्वाशे वर्षं आली ती पिपांतून. ती पिपं गलबतावरून उतरवणारे, गुदामात लोळवत नेणारे, गळती लागली की धावत जाऊन भोकात बोळा ठासणारे हात इथल्या माणसांचे होते. तोफखान्यावर राबणारेही. त्यांच्या कानावर दिवसभर पडत होता तो 'बुशा'. मेजावर बसून पिणाऱ्या साहेबाचा शब्द मराठीत आला नाही, पिपाशी झटणाऱ्या हमालाचा आला. बाटल्या नंतर आल्या तेव्हा शब्द आधीच हजर होता. तोच बाटलीलाही लागला.

हा माझा तर्क आहे, पण तो शब्दांच्या अर्थातून निघतो आणि मला पटतो. फ्रेंचमध्येही बुचाला 'बूशों' म्हणतात. तो शब्द जुन्या फ्रेंचमधल्या गवताच्या जुडग्यावरून आलेला आहे, कारण भांड्याचं तोंड बुजवायला आधी गवतच कोंबत. आमच्याकडे रॉकेलच्या बाटलीला चिंधीचा बोळा असायचा. हात सगळीकडे एकच करतात.

घाटावर हा शब्द कुठून चढला असेल? वसई १७३९ साली मराठ्यांनी घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होती, चौल होतं, दीव-दमण होतं. म्हणून गुजरातीतही बूच आहे. आमच्या भागात तो गोव्यातून आला असणार, घाटातल्या बैलांच्या तांड्यांबरोबर, आणि १८८८ साली मुरगावची रेल्वे कॅसल रॉकला येऊन भिडल्यावर डब्याडब्यांतून. काजूची फेणी आजही गोव्यात 'गर्राफांव' नावाच्या मोठ्या पोटाच्या काचेच्या बुधल्यात ठेवतात. भाच्याने एकदा मला असा एक दाखवायला नेलं. मान बारीक, पोट घागरीएवढं, बाहेरून विणलेलं आवरण, आणि तोंडात ठोकून बसवलेलं बूच, कडेला फडक्याची पट्टी गुंडाळलेलं. म्हाताऱ्या मालकाने अंगठ्याने ते दाबून पाहिलं आणि कोकणीत सांगितलं की बूच सैल पडलं तर माल उडतो. बूच, गर्राफांव, काजू: ही तिन्ही नामं पोर्तुगीजांकडून आलेली, आणि त्याचं वाक्य मात्र शंभर टक्के आमचं.

व्याकरणाचा शिक्षक म्हणून मला ज्याने शेवटी जिंकलं ते याहून साधं आहे. फूल, फुलाला, फुलं. मूल, मुलाला, मुलं. बूच, बुचाला, बुचं. मराठीचा नियम असा की असल्या शब्दातला दीर्घ ऊ प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो. हा नियम कुणी पोर्तुगीज खलाशाला शिकवला नव्हता. 'बुशा'चा शेवटचा आकार गळाला, मधला उकार लांबला, शब्दाला नपुंसकलिंग मिळालं, आणि तो फुलामुलांच्या रांगेत जाऊन बसला. भाषेने परका शब्द घेतला तो तिच्या अटींवर. मी ज्याला भ्रष्टता म्हणत होतो ती इथे भाषेची ताकद होती. 'खड्गोद्घाटन' या शब्दात सगळे घटक संस्कृत होते, पण तो शब्द चालायला लागला नसता, कारण त्याला कुणाचं तोंड लाभलं नव्हतं.

मग बुचाच्या झाडाकडेही मी नव्याने पाहिलं. पुण्या-नाशिकच्या वाचकांना ते सांगायला नको. उंच सरळ झाड, पावसाळा सरता सरता रात्री फुलणारी लांब दांड्याची पांढरी सुवासिक फुलं, सकाळी खाली सडा, आणि सुईदोऱ्याशिवाय दांड्यांची वेणी गुंफणाऱ्या मुली. हे झाड मूळचं ब्रह्मदेशाकडचं, बागांतून आणि रस्त्यांच्या कडेने आपल्याकडे पसरलं. वनस्पतिशास्त्रात त्याला मिलिंग्टोनिया म्हणतात, एका इंग्रजाच्या नावावरून. त्याची साल जाड, मऊ, भेगाळलेली, तिची हलक्या प्रतीची बुचं करत, म्हणून ते बुचाचं झाड. त्याला आकाशनिंब, आकाशमोगरा अशी देखणी नावं आहेत, मी वर्गात तीच वापरायचो. पण फुलं वेचणारी मुलगी 'बुचाची फुलं'च म्हणते. परदेशी झाड, पोर्तुगीज नाव, आणि वेणी पुण्याच्या मुलीच्या केसात.

खरं बूच होतं ते मात्र वेगळ्या झाडाचं, ओकच्या एका जातीचं. जगातलं जवळजवळ निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमध्ये होतं. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, नंतर दर नऊ वर्षांनी. त्याआधी काढायला तिथला कायदा मनाई करतो. पहिल्या दोन खेपांची साल बाटलीच्या बुचाला चालत नाही, तिसऱ्या खेपेची चालते, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर. कुऱ्हाडीने साल सोलणारा माणूस खोडाला इजा होऊ देत नाही, झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. आजोबांनी लावलेल्या झाडाचं बूच नातवाला मिळतं. हे वाचल्यावर मला त्या ओंगळ मानलेल्या बाटलीच्या तोंडातल्या एवढ्याशा वस्तूबद्दल आदर वाटू लागला. दारूबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मी पीत नाही आणि पिण्याने उद्ध्वस्त झालेली घरं माझ्या गावात आहेत. पण वस्तूवरचा राग शब्दावर काढायचा नसतो, एवढं मला कळलं.

आणि फ्रेंचांचा तो साब्र? तोही त्यांचा स्वतःचा नाही. तो जर्मनमधून आला, जर्मनमध्ये हंगेरीकडून आला. 'हुसार' हा शब्दही हंगेरीकडचाच. ज्या शब्दाला मी फ्रेंच अहंकार समजून दार बंद करत होतो तो वाटेत दोन-तीन घरी राहून आलेला होता. आपल्याकडेही युरोपी पात्याच्या सरळ तलवारीला 'फिरंग' म्हणत, आणि ती मराठ्यांच्या हातात शोभली. तलवार परकी आहे म्हणून कुणी म्यानात ठेवली नाही.

भाषाशुद्धीचं सगळंच मी टाकून दिलं आहे असं कुणी समजू नये. दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द हवेच होते. कागदावर, कचेरीत, कायद्यात शब्द वरून खाली येतो, तिथे तो घडवावा लागतो आणि विचार करून घडवलेला शब्द टिकतो. राज्यव्यवहारकोशाने घडवलेलं बरंच काही आज आपल्या सरकारी मराठीत वेगळ्या रूपात जगतं आहे. त्याच काळात राज्याच्या मुख्य प्रधानाला लोक मात्र पेशवाच म्हणत राहिले, हेही तितकंच खरं. हाताच्या कामाचे, बाजाराचे, स्वयंपाकघराचे शब्द खालून वर येतात. तिथे कोशकाराने घडवू नये, ऐकावं. वाइनला 'द्राक्षासव' म्हणावं असा आग्रह मी एकदा धरला होता. आयुर्वेदिक दुकानात द्राक्षासव औषध म्हणून मिळतं, त्या शब्दाची जागा आधीच भरलेली आहे, हे मला एका द्राक्षबागायतदाराने सांगितलं. नारायणगावला ऐंशीच्या दशकात फेसाळती वाइन होऊ लागली, नाशिकला द्राक्षांवर वायनऱ्या उभ्या राहिल्या, महाराष्ट्र सरकारने २००१ साली त्यासाठी धोरण आणलं. तिथे बाटल्या भरणारे, फिरवणारे, बुचं बसवणारे कामगार मराठी बोलतात. त्यांच्या तोंडी या कामाचे जे शब्द रुळले असतील ते माझ्या वहीतल्या शब्दांपेक्षा नक्की चांगले असणार. ते कुणी टिपून ठेवले आहेत का, ही माझी खरी काळजी आहे.

आणि सीमेवरची ती भीती? ती आहेच. पण मराठी वर्गाचा पट घटतो तो मुलं 'ओपनर' म्हणतात म्हणून घटत नाही. शाळा लांब पडते, शिक्षक नेमला जात नाही, पुढच्या शिक्षणाची सोय नसते, म्हणून घटतो. शब्दांशी भांडण्यात मी जो वेळ घातला त्यातला काही या भांडणात घालायला हवा होता.

'साब्राज'ला प्रतिशब्द शोधणं मी थांबवलं आहे. नाव म्हणून तो शब्द तसाच लिहावा, सांगताना 'बाटलीची मुंडी उडवणं' म्हणावं, असं माझं आजचं मत आहे. जोयडा, हल्याळ, खानापूर, कारवार आणि गोव्याच्या सीमेवर राहणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात, तुमच्या कामावर बाटलीचं, पिंपाचं, घागरीचं, बुधल्याचं तोंड ज्याने बुजवतात त्याला काय म्हणतात, आणि ते उघडण्याला काय म्हणतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. शब्दापुढे गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचा धंदा लिहा. तो शब्द कोणत्या भाषेतून आला हे आधी तपासत बसू नका.